मायटर सॉचा काप सारखा गुण्याबाहेर जातोय? आधी स्टँड तपासा

मायटर सॉ, म्हणजे गोल पातं वरून खाली आणून फळी सरळ किंवा कोनात कापायचं मशीन, नवं असताना काप चोख येतो. मग कधीतरी फ्रेमच्या शेवटच्या कोपऱ्यात फट दिसायला लागते. फेन्स (फळी टेकवायची मागची उभी पट्टी) ढिला करायचा, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावायचा, बोल्ट आवळायचे, की थोडे दिवस बरं चालतं. नंतर पुन्हा तेच रडगाणं. या टप्प्यावर लोक एकतर महागडं पातं आणतात, नाहीतर मशीन विकायला काढतात. दोन्ही करण्याआधी मशीन ज्यावर उभं आहे तो स्टँड तपासा. पातं बोथट असेल किंवा फेन्स वाकडा असेल तर चूक रोज सारखीच दिसते. आज बरोबर, परवा चूक, आखूड तुकडा बरोबर, लांब फळी चूक, असा लपंडाव चालला असेल तर बहुतेक वेळा तो स्टँडचा असतो.

चूक किती लहान असते ते आधी बघू, म्हणजे नुसत्या डोळ्यावर भरवसा राहणार नाही. ४५ अंशाच्या जोडाच्या चौकटीत आठ काप येतात. प्रत्येक काप ०.१ अंशाने एकाच बाजूला चुकला, तर तीन कोपरे घट्ट जुळवल्यावर चौथ्यात ०.८ अंश जमा होतात. ७० मिमी रुंद पट्टीचा तिरपा जोड साधारण ९९ मिमी लांबीचा असतो. म्हणजे फट जवळपास १.४ मिमीची. अर्ध्या सुतापेक्षाही (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी, पण पॉलिश मारलं की नेमकी तीच डोळ्यात भरते. आणि ०.१ अंश चुकायला फार काही लागत नाही: मशीनपासून मीटरभर लांब असलेला आधार पावणेदोन मिलिमीटर वर-खाली किंवा पुढे-मागे असला तरी पुरतं.

दोष मशीनचा की स्टँडचा

१५० मिमी रुंदीची, दोन्ही कडा समांतर असलेली प्लायची पट्टी घ्या. कडा समांतर आहेत का ते कॅलिपरने दोन्ही टोकांना मोजून बघा, कारण पुढची सगळी परीक्षा त्यावर उभी आहे. पट्टीचा ३०० मिमीचा तुकडा मशीनच्या स्वतःच्या टेबलावर, बाजूच्या आधारांना न टेकवता, मधोमध कापा. आता एक अर्धा तसाच ठेवा आणि दुसरा लांबीच्या अक्षावर पालथा करा. दोन्हींची एकेक कड एकाच सरळ पट्टीला टेकवून कापलेली टोकं एकमेकांना भिडवा. काप गुण्यात असेल तर टोकं पूर्ण मिटतात. नसेल तर एका बाजूला फट राहते, आणि ही फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. गुण्या लावून न दिसणारी चूक इथे दिसते ती यामुळेच.

फट मोजायला फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांचा संच) असेल तर उत्तम. नसेल तर झेरॉक्सचा कागद वापरा. ७५ जीएसएमचा एक कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो. एक कागद अडकत शिरला तर १५० मिमी रुंदीत खरी चूक ०.०५ मिमी आहे. फर्निचरच्या कामाला हे सोडून द्यावं, त्यामागे लागून संध्याकाळ घालवू नये.

हीच परीक्षा मशीनच्या उंचीत मावेल एवढी अरुंद पट्टी फेन्सला उभी टेकवूनही करा. त्यात पातं टेबलाशी काटकोनात आहे का ते कळतं. आडव्या परीक्षेत फेन्सचा दोष सापडतो, उभ्या परीक्षेत पात्याच्या झुकावाचा.

आता मुख्य गोष्ट. त्याच पट्टीची दोन मीटर लांबीची फळी घ्या, नेहमी काम करता तशी बाजूच्या आधारावर ठेवा, टोकाचा ३०० मिमीचा तुकडा कापा आणि तो पालथा करून भिडवा. आखूड तुकडा बरोबर आणि लांब फळी चूक आली तर मशीनला हात लावू नका, दोष आधारांत आहे. दोन्ही सारखेच चुकले तर मशीनचं सेटिंग बघा. दोन्ही आज बरोबर आले, पण हा त्रास अधूनमधून होतोच असं असेल, तर स्टँड कशाने तरी जागेवरून हलतो आहे. शेवटचा प्रकार सगळ्यात चिवट.

मशीन स्लायडिंग असेल, म्हणजे त्याचं डोकं (मोटर आणि पात्याचा भाग) पुढे-मागे सरकत असेल, तर आणखी एक सोपी तपासणी आहे. प्लग काढा, मशीनच्या टेबलावर स्पिरिट लेव्हल ठेवा आणि डोकं पूर्ण पुढे ओढा. बुडबुडा हलला तर स्टँड वजनाने वाकतो आहे. यातली बरीच मशीनं वीस किलोच्या पुढे असतात आणि डोकं पुढे आलं की वजनाचा मोठा भाग पुढच्या पायांवर जातो. अरुंद बैठकीचा स्टँड तिथे हमखास पिळतो.

लांब फळीला आधार कसा फसवतो

बाजूचा आधार मशीनच्या टेबलापेक्षा उंच असेल तर फळी पात्याजवळ टेबलावरून किंचित उचलली जाते. तुम्ही हाताने दाबता, ती थोडी वाकते, काप पूर्ण होतो आणि सोडल्यावर फळी परत सरळ होते. कापलेलं टोक त्यामुळे तिरपं. हे नुसतं बेढब नाही, धोक्याचंही आहे. दोन्ही बाजूचे आधार उंच असतील तर फळी मध्ये अधांतरी राहते, काप संपता संपता दोन्ही टोकं आत मिटतात आणि पातं चिमटीत सापडतं. मशीन धक्का देतं तो इथे.

आधार खूप खाली असेल तर फळीचं लांब टोक स्वतःच्या वजनाने खाली जातं आणि आतली बाजू उचलली जाते. पण दोन्हींत निवड करायची वेळ आली तर कागदाच्या जाडीइतका खाली चालेल, वर अजिबात नको. आधार अगदी टेबलाच्या पातळीत किंवा केसभर खाली, हा नियम धरा.

बाजूच्या आधारावर फेन्स लावलेला असेल तर त्याच्याकडेही बघा. पुष्कळ जण हौसेने आठ फूट लांब सलग फेन्स करतात. त्याचा एखादा फुगवटा मशीनच्या फेन्सपुढे आला की फळी तिथे टेकते आणि कोन तोच ठरवतो. बाजूचा फेन्स मशीनच्या फेन्सपेक्षा एक-दोन मिमी मागे घ्या. त्याचं काम फक्त स्टॉप (एकाच लांबीचे तुकडे कापायला फळीचं टोक टेकवायचा ठोकळा) धरायचं. कोन ठरवायचा हक्क मशीनच्या फेन्सचा एकट्याचा.

सेटिंग टिकत का नाही

पहिलं कारण जमीन. शहाबादी फरशी किंवा ओबडधोबड कोब्यावर चार पायांचा स्टँड कधीच चारही पायांवर समान टेकत नाही. कडक स्टँड डुगडुगतो, लवचिक स्टँड निमूटपणे पिळतो. डुगडुगणारा परवडला, निदान कळतं तरी. चाकं लावलेला स्टँड सरकवला की नवी जागा, नवा पीळ. त्यामुळे चाकं लावायची असतील तर कामाच्या वेळी ती जमिनीवरून उचलली जातील आणि वजन पायांवर येईल अशी लावा.

दुसरं कारण वेल्डिंग. फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपची फ्रेम करून घेणं आपल्याकडे स्वस्त आणि सोयीचं, पण वेल्डिंग गार होताना लोखंड ओढतं आणि वरची चौकट सपाट राहत नाही. फॅब्रिकेटरला दोष देण्यात अर्थ नाही, गेट बनवताना दोन मिमीने कुणाचं बिघडत नाही. फ्रेम वाकडीच असणार हे धरून चाला आणि वरचा प्लाय तिच्यावर थेट न ठोकता बोल्टवर उचलून पातळीत आणा.

तिसरं कारण पावसाळा, आणि कोकणात किंवा मुंबईत काम करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत आणि जाडीत मात्र हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतं-आक्रसतं. बाजूच्या आधारांची उंची गाठायला एकावर एक आडव्या फळ्या रचल्या असतील, तर १०० मिमीच्या थप्पीत उन्हाळा ते पावसाळा अर्धा ते एक मिलिमीटर फरक सहज पडतो. मशीनचं टेबल ॲल्युमिनियमचं, ते तसंच राहतं. मे महिन्यात जुळवलेला स्टँड जुलैत चुकतो तो यामुळे, आणि दिवाळीनंतर आपोआप ‘सुधारतो’ म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. उंची नेहमी उभ्या रेषेच्या लाकडावर किंवा उभ्या लावलेल्या प्लायच्या पट्टीवर घ्या. प्लाय आपल्या पातळीत फारच कमी हलतो. एमडीएफ इथे नकोच. कडेला पाणी लागलं की फुगतो आणि परत खाली बसत नाही.

चौथं, कंपन. साधे नट काही दिवसांत सैल होतात. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) लावा, खाली रुंद वॉशर द्या. आणि बाजूचे आधार प्लायच्या कडेत स्क्रू मारून धरले असतील तर ते हमखास ढिले होणार. प्लायच्या कडेत स्क्रू धरत नाही. आरपार बोल्ट किंवा एल-पट्टी हाच उपाय.

पाचवं कारण साइटवर नेणाऱ्यांसाठी. मशीन उचलताना डोकं खाली लॉक करून उचलण्याच्या जागीच धरा. कोन फिरवायच्या मुठीला धरून उचललं की सगळं वजन त्या एका खाचेवर येतं आणि शून्याची खूण शून्यावर राहत नाही.

मग स्टँड कसा बांधायचा

आठ बाय चारच्या एका १८ मिमी प्लायमध्ये आठ फुटी स्टँडचा वरचा भाग निघतो. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेला बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा प्लाय घेतला तर पावसाळ्याची काळजी कमी.

नुसती १८ मिमीची फळी दोन पायांवर टाकून भागत नाही. ३०० मिमी रुंद फळी मीटरभर अंतरावर टेकवली आणि मध्ये दहा किलो वजन आलं तर ती दोन-अडीच मिमी वाकते. त्याच प्लायची १०० मिमी उंचीची पट्टी उभी लावली तर लाकूड एक-तृतीयांश लागतं आणि वाकणं दहापट कमी होतं. वाकण्याविरुद्धची ताकद उंचीच्या घनाने वाढते, म्हणून. तेव्हा लांबीभर दोन उभ्या पट्ट्या, १२५ ते १५० मिमी उंचीच्या, मध्ये दर ३०० मिमीला आडवी पट्टी, वर-खाली प्लाय, असा बंद खोका करा. फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही. खोका चिकटवताना ज्या टेबलावर करता ते सपाट असलं पाहिजे. पिळात चिकटवलेला खोका जन्मभर पिळातच राहतो. दोन सरळ पट्ट्या दोन्ही टोकांना आडव्या ठेवून एका डोळ्याने पाहिलं की पीळ लगेच दिसतो, हे जुन्या सुतारांना सांगावं लागत नाही.

खोक्याच्या मधोमध मशीन बोल्टने बसवा. बाजूच्या आधारांची उंची म्हणजे मशीनच्या टेबलाची उंची वजा वरच्या फळीची जाडी. ती कॅटलॉगमधून घेऊ नका, स्वतःच्या मशीनवर चारही कोपऱ्यांत मोजा. उभ्या प्लायच्या पट्ट्या हव्या त्या उंचीपेक्षा एक-दीड मिमी कमी कापा आणि उरलेलं पॅकिंगने भरा. सनमायकाचे १ मिमी आणि ०.८ मिमीचे तुकडे कुठल्याही फर्निचरवाल्याकडे फुकट मिळतात. त्यापेक्षा बारीक हवं तर कागद. पायांना एम१० चे (१० मिमी जाडीचे) बोल्ट लावले तर एक आटा १.५ मिमीचा, म्हणजे पाव फेऱ्यात पाय ०.३८ मिमीच्या आसपास वर-खाली होतो. एवढं नियंत्रण पुरतं.

जमीन फारच वाईट असेल तर तीन पायांचा विचार करा. तीन पायांना डुगडुगता येत नाही आणि पिळताही येत नाही. तोल सांभाळायला बैठक मात्र रुंद हवी.

उंची टेबलापर्यंत ९०० मिमी ठेवली तर बहुतेकांना उभ्याने काम करायला बरी पडते.

पातळी जुळवायला गवंड्याची लाइनदोरी वापरा. दोन्ही टोकांच्या आधारांवर सारख्या जाडीचे दोन ठोकळे ठेवा, त्यांवरून नायलॉनची दोरी कडक ताणा आणि त्याच जाडीचा तिसरा ठोकळा दोरीखालून मशीनच्या टेबलावरून आणि आधारांवरून सरकवत न्या. दोरीला टेकून ती उचलली गेली तर जागा उंच, फट दिसली तर खाली. पुढच्या कडेला एकदा, मागच्या कडेला एकदा. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडून दोन मीटरचा सरळ चौकोनी सेक्शन मिळाला तर काम आणखी लवकर होतं. तो सरळ आहे का ते आधी रेघ मारून, पालथा करून, त्याच रेघेवर दुसरी रेघ मारून बघा. लेव्हलचा बुडबुडा या कामाला फार ढोबळ आहे. जमीन आणि आकाश यांच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही, तीनही टेबलं एका पातळीत हवीत.

स्टँड बरोबर, तरी काप चूक

आता मशीन. प्लग काढूनच. फेन्सचे डावा-उजवा भाग एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टीने बघा. नंतर गुण्या फेन्सला आणि पात्याला लावा. पण पात्याच्या सपाट अंगाला, दातांना नव्हे. दात अंगापेक्षा बाहेर आलेले असतात आणि गुण्या तिथे टेकला की सगळं माप फसतं. कोनाच्या खाचांत आणि फेन्सच्या बुडाशी भुसा दाबून बसलेला असतो, तो ब्रशने काढा. सेटिंग ‘आपोआप’ बदलण्याचं हे सगळ्यात स्वस्त कारण आहे.

फळीला बाक असेल तर फुगीर बाजू फेन्सला लावा आणि कापाच्या रेषेवर फेन्स व फळी यांत फट नाही ना ते पाहा. खोलगट बाजू फेन्सला लावली तर काप पूर्ण होताच फळी पात्यावर मिटते.

कपच्या उडत असतील तर पात्याची दिशा लक्षात घ्या. मायटर सॉचे दात वरून खाली आणि फेन्सच्या दिशेला जातात, म्हणून कपच्या खालच्या अंगाला आणि मागच्या कडेला उडतात. चांगली बाजू वर ठेवा. हातातल्या सर्क्युलर सॉचे दात खालून वर येतात, तिथे चांगली बाजू खाली. सनमायका लावलेल्या प्लायसाठी मशीनच्या टेबलावर ६ मिमीचा प्लाय आणि फेन्सला तसाच एक लावून त्यातच पहिला काप घ्या. लाकडाला आता कापाच्या अगदी कडेपर्यंत आधार मिळतो. फक्त टेबल ६ मिमीने उंच झालं की बाजूचे आधारही ६ मिमीने उंच करायला लागतात. हे विसरल्यामुळे ‘नवा प्लाय लावला आणि काप बिघडला’ अशी तक्रार येते.

१० इंची पात्याला सागवान आणि प्लाय दोन्हींसाठी ६० दात ठीक, सनमायकासाठी ८०. मायटर सॉला दातांचा कल शून्याच्या आसपास किंवा उणे असलेलं पातं हवं. लांबीत चिरायचं, पुढे झुकलेल्या दातांचं पातं इथे लावलं तर ते फळी ओढून घेतं. पात्यावर लिहिलेला कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्तच हवा, आणि भोक २५.४ की ३० मिमी हे बघूनच पातं घ्या. सागात सिलिका असते, ती कार्बाइडचे दातही लवकर बोथट करते. बल्लारशाचा जुना साग सतत कापणाऱ्याने पाइनवूडवाल्याच्या हिशोबाने पातं चालवू नये.

काप काळा पडतो तेव्हा पातं बोथट किंवा डिंकाने माखलेलं असतं, किंवा तुम्ही फार हळू जाता. कोमट पाण्यात डिटर्जंट, जुना टूथब्रश, आणि लगेच कोरडं पुसणं. निम्म्या वेळा एवढ्यानेच पातं ‘नवं’ होतं. पातळ पातं कठीण लाकडात जोर लावून दाबलं तर वाकतं आणि काप पोटात फुगीर येतो. बाभूळ किंवा शिसम कापताना पात्याला त्याच्या वेगाने जाऊ द्या.

विजेकडे लक्ष द्या. १८०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर ओढतं. घरगुती लहान प्लग आणि बारीक वायरचं लांब एक्स्टेंशन लावलं तर व्होल्टेज पडतं, आरपीएम घसरतो, काप जळतो आणि दोष पात्यावर जातो. २.५ चौरस मिमीची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, आणि वायरची गुंडाळी पूर्ण सोडलेली.

तुकडे एकसारखे येत नाहीत

स्टॉप लावून दहा तुकडे कापले आणि शेवटचे दोन आखूड आले, तर स्टॉपच्या बुडाशी भुसा साचतो आहे. स्टॉपच्या ठोकळ्याची खालची कड तिरपी घासा किंवा तो टेबलापासून तीनेक मिमी वर ठेवा, भुसा खालून निघून जाईल. स्टॉप फक्त धरलेल्या बाजूला हवा. सुटणारा तुकडा पातं आणि स्टॉप यांच्यात कोंडला तर तो उडतो. काप झाल्यावर ट्रिगर सोडा, पातं थांबू द्या, मगच डोकं वर घ्या. हात पात्यापासून १५० मिमी दूर. तेवढा आखूड तुकडा हाताने धरायचा नाही, क्लॅम्प लावायचा.

एवढं सगळं तपासून झालं आणि आखूड तुकडासुद्धा कधी उजवीकडे, कधी डावीकडे चुकतो आहे, तर प्लग काढून डोकं खाली घ्या आणि हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. जाणवेल इतका सैलपणा असेल तर बिजागरीचा पिव्हट (ज्या दांड्यावर डोकं वर-खाली फिरतं तो) घासला आहे. नंतर पात्याच्या एका दातावर खूण करा, तो पुढच्या बाजूला आणून त्याला हलकेच टेकेल असा ठोकळा टेबलावर क्लॅम्प करा आणि पातं हाताने फिरवून तोच दात मागच्या बाजूला न्या. क्लॅम्प सोडून ठोकळा फेन्सला लावलेल्या गुण्याच्या कडेने सरळ मागे सरकवा आणि तिथे पुन्हा बघा. अंतर बदललं तर पातं आणि फेन्सचा कोन चुकलेला आहे. अंतर तेच राहिलं, पण पातं एका जागी फिरवताना दात ठोकळ्याला कधी घासतात, कधी सुटतात, तर दोन फ्लँज (पात्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चकत्या) काढून पुसा. त्यांच्यामध्ये अडकलेला भुश्याचा एक कण पातं डुलवायला पुरतो. तरीही डुलत असेल आणि दुसरं पातं लावूनही तेच दिसत असेल, तर दोष शाफ्ट किंवा बेअरिंगमध्ये आहे, तो सर्व्हिस सेंटरला दाखवायचा.